माझी पाच, तिचा एक

मी खमिन बोलतेय. खमिन म्हणजे आमच्या भाषेत हळद. अंगाचा रंग तसा, म्हणून हे नाव पडलं. पण नाव मंगल आहे म्हणून मी गोडगोड बोलेन अशी आशा ठेवू नका. मी कुत्री आहे, गाय नाही. खाल्लेला घास मी लक्षात ठेवते आणि खाल्लेली लाथही. आज मला माझ्या मालकिणीबद्दल बोलायचंय, आणि चांगलं बोलायचं नाहीये.

माझा जन्म नोंगहिन गावच्या बाजारात, मासळीच्या फळीखाली झाला. प्रसितने मला हेल्मेटात घालून घरी आणलं. माणूस भला, फक्त बायकोपुढे त्याचा आवाज निघत नाही. त्याची बायको ब्वालॉय, तीच माझी मालकीण. मुलगा एकच, वीत.

आमचं घर तांदळाच्या शेवयांचं. तांदूळ भिजवायचा, आंबवायचा, दळायचा, मळायचा आणि सोऱ्यातून उकळत्या पाण्यात शेवया पाडायच्या. गावात लग्न असो की मयत, आमच्या शेवयांशिवाय पंगत उठत नाही. त्यामुळे घरात कोणाला श्वास घ्यायला सवड नसायची. ब्वालॉयचा फोन कायम खांदा आणि कान यांच्यात अडकलेला, हात कोपरापर्यंत पिठात. साक्षात देव दारात आला असता तरी ती म्हणाली असती, "बसा हं, एवढा घाणा काढते."

उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेत जनावरांचे डॉक्टर आले होते. कुत्र्यामांजरांचं ऑपरेशन फुकट. ब्वालॉयला वाटलं प्रसित मला नेईल. प्रसितला वाटलं वीत नेईल. वीतला वाटलं आईने नेलंच असेल. डॉक्टर आले आणि गेले, मी दारात बसून राहिले. त्याच आठवड्यात बर्फाच्या गाडीमागून धावणारा एक काळा कुत्रा आमच्या गल्लीत वळला. त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

माझं पोट वाढलं तेव्हा सगळे हसले.

"खमिन किती सुटलीय बघा! शेवया मानवल्या हिला," ब्वालॉय म्हणाली. आणि तिने काय करावं? माझं खाणं निम्म्यावर आणलं. पोटात पाच जीव आणि ताटलीत मूठभर भात. हा पहिला हिशेब मी तेव्हाच मनात लिहून ठेवला.

ज्या दिवशी एका मयताच्या जेवणाची मोठी ऑर्डर होती, त्याच दिवशी मी पिठाच्या पोत्यांमागे व्याले. ब्वालॉय पोतं ओढायला आली आणि किंचाळलीच.

"अगं बाई! ही तर बाळंतीण! आजच सुचलं हिला?"

"कुत्री काय मुहूर्त काढून विते?" प्रसित हळूच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. ऑपरेशनला कोण नेणार होतं?"

चार माझ्यासारखी पिवळी आणि पाचवं काळं, सगळ्यांत लहान. त्याला दूध ओढायला जमायचं नाही. मी बाकीच्यांना पायाने बाजूला सारून त्याला जवळ घ्यायची. महिनाभरात तेही बाळसं धरू लागलं. मग ती पाचही जणं घरभर लुडबुडायला लागली आणि ब्वालॉयच्या कपाळावर आठ्या चढल्या.

कारण वीतची दीक्षा जवळ आली होती. पावसाळ्याचे तीन महिने तो गावच्या विहारात भिक्षू होणार होता. मुलाच्या भगव्या चीवराचं टोक धरून आईबाप स्वर्गाला जातात, असं आमच्याकडे मानतात. ब्वालॉयला एकच मुलगा, म्हणजे स्वर्गाला जायचं टोकही एकच. तीनशे माणसं जेवायला बोलावली होती.

"तीनशे पानं, आणि शेवयांत कुत्र्याचे केस?" ती वीतला म्हणाली. "विहाराच्या फाटकाशी सोडून ये. तिथे भिक्षापात्रातलं उरलेलं खातील, जगतील. पुण्याचंच काम आहे."

"आई, अजून अंगावर पितायत गं ती."

"मी काय मारायला सांगतेय? उजाडायच्या आत जा. आणि कोणी विचारलं तर आपली नाहीत, कळलं?"

आपला तो बाब्या म्हणतात, ते खोटं नाही. तिच्या एकाला स्वर्गाचा रस्ता आणि माझ्या पाचांना पोतं. मला साखळीला बांधलं. वीतच्या स्कूटरवर ते पोतं हलताना मी पाहिलं. ज्या हातांनी तो माझ्या लहानपणी माझ्या कानातल्या गोचिड्या काढायचा, त्याच हातांनी त्याने पोत्याला गाठ मारली होती. मी ओरडले. ब्वालॉयने माझ्यावर पाणी फेकलं.

दुसऱ्या दिवशी शेतांवरून विहाराच्या कर्ण्याचा आवाज आला. थोरले भन्ते बोलत होते. "फाटकाशी कुणीतरी पिल्लं ठेवून गेलंय. ज्याची असतील त्याने घेऊन जावीत. मी रागावणार नाही."

शेजारची चाम्रियन तेव्हा शेवया न्यायला आली होती. ब्वालॉय तिला म्हणाली, "काय काळीज असतं बाई लोकांचं! मुक्या जिवांना असं टाकतात?"

एवढ्यावर ती थांबली नाही. रोज डब्यात उरलेल्या शेवया घेऊन ती विहारात जायची, चारचौघांसमोर पिल्लांना घालायची आणि वाहवा मिळवून यायची. करून करून भागली आणि देवपूजेला लागली! घरी आली की तिच्या हातांना माझ्या पिल्लांचा वास यायचा, आणि त्याच हातांनी ती माझ्यापुढे ताटली सरकवायची. माझी छाती दुधाने दगडासारखी झाली होती. ते दूध जमिनीवर गळायचं आणि मुंग्या प्यायच्या. चावायचं असतं तर तेव्हाच चावले असते. पण चावणाऱ्या कुत्रीला लोक पिसाळलेली म्हणतात आणि तिचं कोणी ऐकत नाही. मी दात आवरून धरले.

दीक्षेच्या आदल्या दिवशी वीतचं डोकं भादरलं, भुवयासुद्धा काढल्या. मग रीतीप्रमाणे तो सगळ्यांपुढे हात जोडून क्षमा मागत फिरला. आईबापांची मागितली, चाम्रियनची मागितली, सोऱ्या दाबायला येणाऱ्या बायकांची मागितली. माझ्यापाशी आला तेव्हा मान खाली घालून पुढे गेला.

दीक्षेच्या सकाळी ब्वालॉय नवं गुलाबी रेशीम नेसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पाहुण्यांसमोर साखळी बरी दिसत नाही. मुक्या जनावराला बांधतात म्हणतील." म्हणून साखळी काढून तिने माझ्या गळ्यात त्याच रेशमाची उरलेली पट्टी बांधली आणि दुसरं टोक खांबाला.

लांब ढोल वाजायला लागले. वीत पांढऱ्या कपड्यांत छत्रीखाली, पुढे नाचणाऱ्या बाया, मागे ब्वालॉय दोन्ही हातांत चीवराचं तबक घेऊन. मिरवणूक वळणाआड गेली आणि मी पट्टी तीन चाव्यांत तोडली.

मी धावले नाही. माणसांच्या पायांतून निमूट चालत राहिले. विहाराला दोन प्रदक्षिणा झाल्या. तिसरीला मी ब्वालॉयच्या पुढ्यात पायरीवर उभी राहिले आणि एकदाच भुंकले.

घंटेच्या मंडपाखालून माझी पिल्लं आली. बरगड्या दिसत होत्या, पण धावत आली आणि माझ्या अंगाला लोंबकळली. पिवळ्या आईला पिवळी पिल्लं. मिरवणूक थांबली.

"हाड! कुणाची ही कुत्री? हाकला हिला!" ब्वालॉय ओरडली.

"अगं, ही तुझी खमिन ना?" चाम्रियन म्हणाली.

"छे! पिवळी कुत्री काय गावात एकच असते?"

"पिवळ्या असतील पुष्कळ. पण तुझ्या लुगड्याचं रेशीम किती जणींच्या गळ्यात असतं गं?"

कुणीतरी फसकन हसलं. थोरले भन्ते पायऱ्या उतरून आले. त्यांनी ब्वालॉयला काही विचारलं नाही. वीतकडे बघितलं. "बाळ, कुत्री कुणाची?"

वीतने आईकडे पाहिलं. ती डोळ्यांनी नको नको म्हणत होती. घटकाभराने त्याला खोटं न बोलण्याचं व्रत घ्यायचं होतं.

"आमची, भन्ते," तो म्हणाला. "पिल्लंही आमची. मीच आणून टाकली."

कुणी सांगितलं हे त्याने बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती. तीनशे माणसं ब्वालॉयकडे बघत होती.

मी तोवर माझी पिल्लं हुंगत होते. एक, दोन, तीन, चार. पुन्हा हुंगली. चारच. मी घंटेच्या मंडपाकडे बघून पुन्हा भुंकले.

"काळं चौथ्याच दिवशी गेलं," भन्ते म्हणाले. "त्याला शेवया गिळता येत नव्हत्या. बोधीच्या झाडाखाली पुरलंय मी त्याला." मग ब्वालॉयकडे वळून म्हणाले, "आधी ही लेकरं घरी पोचव. तू येईपर्यंत मी थांबतो."

चाम्रियनने तबक काढून घेतलं. गुलाबी रेशमाच्या ओच्यात चार पिल्लं घेऊन ब्वालॉय भर उन्हात घराकडे निघाली, आणि मी तिच्या मागे. ढोलवाला सकाळपासून झिंगलेला. त्याला वाटलं मिरवणूक निघाली, तो वाजवत आमच्या पाठोपाठ घरापर्यंत आला. लोक दारादारांत उभे राहून बघत होते. वाटेत एका पिल्लाने तिचं रेशीम भिजवलं. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता, खोटं कशाला बोलू?

वीतची दीक्षा दुपारी झाली. आता तो सकाळी अनवाणी भिक्षेला येतो. आईच्या हातचा भात पात्रात घेण्याआधी माझ्याकडे बघून थांबतो. तो खरं बोलला, म्हणून त्याचं अर्धं माफ केलंय. उरलेलं अर्धं नाही.

माझं ऑपरेशन झालं. या वेळी प्रसितने स्वतः नेलं, कुणाला विचारलं नाही. दोन पिल्लं चाम्रियनकडे वाढतायत, दोन माझ्यापाशी. ब्वालॉय मला मासे घालते, पाठ खाजवते, आणि लोकांना सांगते, "बघा, माझ्या हातून खाते. विसरली सगळं."

तुमच्या घरी कुत्री असेल तर तिला वेळेवर डॉक्टरकडे न्या. तुम्हाला सवड नसली म्हणून तिचे दिवस थांबत नाहीत. आणि पिल्लं झालीच, तर आधी ती कुणाच्या पोटची आहेत ते आठवा.

मी खाते, कारण भूक लागते. पण रोज संध्याकाळी ब्वालॉय बुद्धापुढे उदबत्ती लावून हात जोडते, तेव्हा मी जाऊन तिच्या समोर बसते. भुंकत नाही, गुरगुरत नाही. नुसती बघते. ती दोन ओळी म्हणते, अडखळते, पुन्हा सुरुवात करते. "काय बघतेस गं अशी?" म्हणते. काल तर रडली. म्हणाली, "खमिन, मला माहीत नव्हतं गं त्याला शेवया गिळता येत नाहीत."

मला माहीत होतं. मी साखळीला होते.

चला, तुम्ही निघा आता. तिने उदबत्ती पेटवलीय. मला जायला हवं.