कासारानं काय सांगितलं

मी एक गाण्याची तबकडी. लहान, फराळाच्या ताटलीएवढी. माझ्यावर ज्या बाईंचा आवाज आहे त्यांची गाणी हॉटेलात, लग्नात, रेडिओवर सगळीकडे वाजायची. माझं तेवढं वाजलं नाही. नांदेडच्या दुकानात गाजलेल्या रेकॉर्डी पुढे असत आणि मी मागे. गिऱ्हाईक आलं की मी उगीच आशेनं बघायची. हात पुढेच थांबायचा.

गाणं साधं आहे. सासरी नांदणारी पोर बांगड्या भरायला दारी आलेल्या कासाराला विचारते, तू गावोगाव हिंडतोस, माझ्या माहेरावरून आलास का? माझी आई कशी आहे?

हदगावचे ईश्वरप्पा लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधून झाल्यावर तिला घेऊन दुकानात आले. दुकानदारानं मला मशीनवर ठेवलं. गाण्यातल्या पोरीनं कासाराला विचारलं आणि नेमकी लाइट गेली.

"हीच घ्या, अप्पा," रुद्राणी म्हणाली. तिला पुढचं ऐकायचं होतं.

रुखवतात मला लाडवांशेजारी मांडलं. मशीन दिवाळसणाला देतो, असा ईश्वरप्पांनी शब्द दिला. अशी मी अहमदपूरजवळच्या गावी सासरी आले, मशीनशिवाय. रुद्राणीही आली. दोघी नव्या, आणि दोघींना बोलतं करणारं कुणी नाही.

सासूबाईंनी, म्हणजे तुळजाबाईंनी, मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"झाकण हाय व्हय? मग मधी भोक कशाला पाडलं?"

असं म्हणून त्यांनी मला रांजणावर ठेवलं. सासूबाई शेजारी गेल्यावर रुद्राणीनं मला पदरानं पुसलं, ट्रंकेत घातलं आणि रांजणावर पितळी ठेवली. नवी सून भांडत नाही, वस्तूंच्या जागा बदलते.

ते बहात्तर साल. पाऊस आलाच नाही. दिवाळी आली, मशीन आली नाही. ईश्वरप्पा बायकोला घेऊन कामासाठी गाव सोडून गेले, आणि कुठं गेले ते सांगणारं कुणी भेटेना. रुद्राणी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी कामावरच्या बायका आमच्या ओट्यावर टेकायच्या. फोड आलेल्या हातांवर फुंकर घालत ती माझं गाणं गुणगुणायची. ट्रंकेत मला सगळं ऐकू यायचं.

"मग कासार काय म्हनला गं?" शेजारच्या सरजाबाईनं विचारलं.

"तिथंच लाइट गेली की."

"आता गं बाई."

"रेकॉर्डीत असंल. मशीन आली की कळंल."

मला ठाऊक होतं, माझ्यात उत्तर नाही. गाणं त्या सवालावरच संपतं. उलट बाजूला झोक्याचं भलतंच गाणं आहे. पण तबकडीला बोलायला सुई लागते.

बायका रोज विचारत. एका संध्याकाळी रुद्राणी सवालापाशी थांबलीच नाही. तिनं पुढे म्हटलं, कासार सांगतो, बाई, तुझी आई उंबऱ्यात बसून शेंगा सोलते, तुझ्या वाट्याच्या बाजूला काढते.

बायका पुढे सरकल्या. मग सरजाबाई म्हणाली, "आठवलं व्हय?"

"थोडं थोडं," रुद्राणी म्हणाली.

पुढच्या साली पाऊस पडला आणि ईश्वरप्पा गावी परतले. एकटेच. आई तिकडे परमुलखातच वारली होती, पाऊस पडायच्या आत. रुद्राणी माहेरी जाऊन आली, चार दिवस तिनं गाणं म्हटलं नाही. पाचव्या दिवशी म्हटलं. ओळ बदलली नाही. त्याच ओळीवर पुढे तिनं सिंधूला, आपल्या लेकीला, झोपवलं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा रुद्राणीचा नवरा मन्मथ नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागला. हा माणूस मोजकंच बोलायचा. एका शनिवारी तो एसटीतून मांडीवर जुनी मशीन घेऊन आला.

"घे. तुझा दिवाळसण."

रुद्राणीनं मला ट्रंकेतून काढलं. उत्तर आपणच रचलं होतं हे तिला ठाऊक होतं. रेकॉर्डीत काय आहे, ते मात्र ठाऊक नव्हतं.

गल्ली जमली. सुई टेकली आणि इतक्या वर्षांनी मी बोलले. बाईंचा आवाज असा निघाला की सरजाबाईनं पदर तोंडाला लावला. पोरीनं कासाराला विचारलं. गाणं संपलं. सुई शेवटच्या कोऱ्या रेघेत फिरत राहिली, खर्र, खर्र.

"पुढचं?" सिंधू म्हणाली. "आजी शेंगा सोलती ते?"

मन्मथनं मला उलटवलं. झोक्याचं गाणं लागलं. त्यानं मला परत सुलटं केलं, सुई शेवटाला ठेवली. खर्र, खर्र. सगळ्यांनी रुद्राणीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

तुळजाबाईंनी पानाची पिचकारी टाकून तोंड पुसलं.

"त्या बाईला कुनी सांगितलं नसंल. हिला म्हाईत हाय. हं, म्हन गं पोरी."

रुद्राणीनं म्हटलं. तिच्या आवाजाखाली मी कोरी फिरत राहिले. एवढ्या मोठ्या गायिकेचा आवाज अंगावर असून त्या घटकेला मला दुसऱ्याच आवाजाची आस लागली.

आज मी लातुरात सिंधूच्या कपाटात आहे, रुद्राणीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात. मशीन केव्हाच बिघडली. रुद्राणी गेल्यालाही आता बरेच पावसाळे झाले. तिचा आवाज कुणी कशावर घेतला नाही.

कुठं चालती मशीन सापडली तर मला एकदा लावा. फक्त गाणं संपल्या संपल्या सुई उचलू नका. कोरी रेघ फिरू द्या, आणि सिंधूला हाक मारा. पुढचं तिला येतं.