घट्ट बसलेली पाचर

मी टेकू बोलतोय. सरकारला देतात तो नव्हे; मी खराखुरा, लाकडाचा, बांधकामावरचा. त्या सकाळला आता बरेच दिवस लोटले, तरी अंगात बसलेला हादरा जात नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय तो जायचाही नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी मूळचा निलगिरीचा. सरळ वाढलो हाच काय तो माझा गुन्हा. मला कापलं, सोललं, वाळवलं आणि एका मुकादमाच्या टेम्पोत टाकलं. तेव्हापासून माझं काम एकच: ओल्या काँक्रीटचा भार डोक्यावर घेऊन गुमान उभं राहायचं. ओतल्या ओतल्या काँक्रीट अगदी तान्हं असतं, स्वतःचं वजन त्याला पेलवत नाही. ते घट्ट होईपर्यंत काही आठवडे आम्ही टेकूच त्याचे आईबाप. मग मुकादम येतो, आमच्या पायाखालची लाकडी पाचर हातोडीने हलकेच ठोकून काढतो आणि डोक्यावरचं ओझं एकदम नाहीसं होतं. काय हलकं वाटतं म्हणून सांगू! कितीतरी घरांखाली मी ते सुख भोगलंय.

सरांच्या घरावर आलो तेव्हाही मी त्याच सुखाची वाट बघत होतो.

सर म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात बांधकाम शिकवणारे. घर त्यांनी स्वतः आखलं होतं. त्यांच्या आईचे गुडघे धरलेले. जिने उतरून उन्हात बसणं तिला जमेना. म्हणून वरच्या मजल्यावर तिच्या खोलीपुढे त्यांनी गॅलरी काढली, भिंतीतून सरळ बाहेर आलेली, खाली एकही खांब नसलेली. तिच्या बाहेरच्या कडेखाली आम्ही तिघे टेकू उभे होतो. मी कोपऱ्यातला.

काँक्रीट ओतायच्या दिवशी सरांनी विद्यार्थ्यांना बोलावलं. पाण्याने भरलेली बादली एका मुलाच्या हातात दिली आणि हात आडवा पसरायला लावला.

"कुठे ओढ बसते?"

"खांद्याच्या वर, सर. आई गं!"

"आणि काखेत?"

"तिथे दाबलं जातंय. सर, ठेवू का खाली?"

"ठेव, ठेव. तर ही गॅलरी म्हणजे तुझा हात. वरच्या अंगाला ताण, खालच्या अंगाला दाब. काँक्रीट दाब भरपूर सोसेल, पण ताण आला की फाटतं. ताण सोसते ती सळई. दोन भिंतींवर टेकलेला साधा स्लॅब मधे खाली वाकतो, म्हणून त्याची मुख्य सळई तळाशी. इथे मात्र वर! आणि ती वरच राहावी म्हणून तिच्याखाली या वाकवलेल्या सळयांच्या छोट्या खुर्च्या."

शिकवावं तर सरांनी. मी लाकूड असून मला कळलं.

मग सरांना आनंद आवरेना. "आई, ये गं! तुझ्या गॅलरीत पहिलं पाऊल तूच टाकायचं." आई आली, सूनबाई आली, विद्यार्थी आले. सगळे त्या बांधलेल्या सळयांवर दाटीवाटीने उभे राहिले. फोटो निघाले. एक झाला, दुसरा झाला, मग आईसोबत एकेकाचा. मी फळ्यांच्या खाली. वरचं मला काही दिसत नव्हतं. नुसती कचकच ऐकू येत होती. म्हटलं, हौसेला मोल नाही. तेवढ्यात काँक्रीटची गाडी दारात आली आणि एकच धांदल उडाली.

टेकू काढायच्या दिवशी विद्यार्थी पुन्हा हजर. सर खाली अंगणात उभे.

"इथे कडेखाली टेकूंची एकच ओळ आहे. पण मोठ्या गॅलरीला भिंतीपर्यंत ओळी असतात, तिचे टेकू कुठून काढायचे?"

"बाहेरच्या कडेकडून भिंतीकडे," चष्मेवाली एक मुलगी म्हणाली. "आधी भिंतीकडचे काढले तर गॅलरी दोन टेकांवरच्या स्लॅबसारखी मधे वाकेल आणि तळाला ताण येईल."

"शाब्बास! जा, वर जाऊन आईची खुर्ची दारापाशी आणून ठेव."

माझ्या दोन्ही सोबत्यांच्या पाचरी निघाल्या. आणि माझ्या डोक्यावर जे काही आलं, ते मी जन्मात कधी झेललं नव्हतं! अहो, हे ओझं भिंतीकडे जायला हवं होतं. भिंतीकडे जाईचना ते. सगळं माझ्यावर. अख्खी गॅलरी माझ्या डोक्यावर रेलली होती.

मुकादमाने माझ्या पाचरीवर हातोडी मारली. पाचर हलली नाही. पुन्हा मारली. छे!

"फुगली असेल पाण्याने," मुकादम म्हणाला.

"मग मारा की जोरात," सर म्हणाले.

वरून आईचा आवाज आला, "झालं का रे? येऊ का?"

"ये, ये!"

मला तोंड असतं तर मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो. दार उघडलं. आईचं एक पाऊल बाहेर पडलं. खाली हातोडी उचलली गेली आणि घाव बसला.

काड्! डोक्यापासून कमरेपर्यंत मी उभा चिरलो. गॅलरी बोटभर खाली बसली.

"सर! भिंतीपाशी चीर पडलीय, लांबच लांब!" वरून ती चष्मेवाली किंचाळली.

सरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "आई, मागे हो! पाय मागे घे!" त्यांचा आवाज फाटला होता. त्या मुलीने आईला कमरेला धरून आत ओढलं. अंगणात सर, मुकादम, पोरं, सगळ्यांनी धावाधाव करून माझे सोबती पुन्हा उभे केले. मी चिरलेला, पण मोडलो नाही. कसा नाही मोडलो, अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने भिंतीजवळचं काँक्रीट वरून फोडलं. छिन्नी खोल खोल गेली, तरी सळई लागेना. लागली ती पार तळाशी. चपट्या झालेल्या खुर्च्या आणि त्यांच्यावर आडव्या पडलेल्या सळया.

"पण त्या दिवशी तर सळया वर होत्या," सर पुटपुटले. "मी स्वतः दाखवल्या सगळ्यांना."

आई दारातून वाकून बघत होती. "अरे, फोटो काढताना पायाखाली कचकच वाकत होत्या, त्याच ना या? मला वाटलं, तशाच असतात."

सर खाली बसले. ज्या माणसाने मला ताण आणि दाब शिकवला, त्यानेच आपल्या आईला हात धरून त्या सळयांवर उभं केलं होतं! अजूनही माझा विश्वास बसत नाही.

गॅलरी पाडली. आता नवी बांधताहेत. सळया पुन्हा वर आहेत, खुर्च्या दुप्पट आहेत, ये-जा करायला वेगळ्या फळ्या टाकल्यात. मी भार घ्यायच्या लायकीचा उरलो नाही. मुकादम मला जाळायला नेत होता, तर सरांनी मला मागून घेतलं आणि आईच्या दारात आडवं बांधलं. जन्मभर उभा होतो, आता आडवा आहे. माझ्यापलीकडे घरातलं कुणी पाय टाकत नाही. आई माझ्या अलीकडे खुर्ची टाकून बसते, माझ्यावर हात ठेवते आणि विचारते, "आता येऊ का रे?" सर म्हणतात, "नको गं. अजून नको."

पोरांनो, तुम्ही उद्या घरं बांधाल. या चिरलेल्या टेकूचं एवढंच ऐका: पाचर निघत नसेल तर हातोडी खाली ठेवा. आणि आधी बघा, वर कोण उभं आहे.