शिटी वाजेपर्यंत

“यंदा मले गाडीवर राहू द्या, साहेब,” रहेमान म्हणाला.

साहेबांनी हातातला काळा रुमाल तसाच पुढे धरला होता. विमानतळाच्या सरावात कुणाला तरी अतिरेकी व्हावंच लागतं, आणि दरवर्षी तो रहेमानच व्हायचा. खरं तर तो अग्निशमन दलाचा माणूस. पुसद रस्त्यावरच्या त्या लहानशा धावपट्टीवर विमान उतरायचं असलं की लाल बंबाच्या टपावर, पाण्याच्या तोफेला हात लावून तोच उभा असायचा. पण सरावाच्या दिवशी त्याची दाढी सगळ्यांना आठवायची. दलातली पोरं हसायची. तोही हसायचा.

यंदा त्याला हसू येत नव्हतं. पाहुण्यांच्या मंडपात शाळेच्या मुली आणून बसवल्या होत्या आणि त्यांत त्याची जिया होती. तिची आई गझाला वारल्यापासून पोरगी शाळा आणि घर सोडून कुठं जातच नव्हती. आपण होऊन ती एवढंच म्हणाली होती की अब्बा, तुमची गाडी पाह्याची हाय. रहेमाननं गणवेशाला दोनदा इस्त्री केली होती.

बंब चालवणारा देवीलाल खाली उतरला. “मी होतो ना साहेब अतिरेकी. माही बायको तसंही मले तेच म्हणते.”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

“तुले शोभत नाही,” ते म्हणाले. “याले शोभते.”

रहेमाननं गणवेशावर जुना सदरा चढवला, रुमाल घेतला आणि नाकावरून बांधला.

नियम साधे होते. लाकडी बंदूक घेऊन पळायचं, कुणी धरेपर्यंत थांबायचं नाही, आणि शिटी वाजेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी मध्येच बोललं तर पाहुण्यांसमोर सगळा सराव पहिल्यापासून करावा लागे आणि त्याचे बोल मग वर्षभर ऐकावे लागत.

फटाके फुटले, धूर निघाला, रहेमान पळाला. मागे पोलिसांचं खास पथक होतं, अंगात जाड जाकिटं, पायात जड बूट. दरवर्षी ते त्याला कुंपणापाशी गाठत. या वेळी बंब शेताकडून आत आणायचा होता म्हणून कुंपणाचं फाटक उघडं ठेवलं होतं. थांबायचं नाही म्हणजे नाही. रहेमान फाटकातून निघाला तो थेट कपाशीत शिरला.

तिथं जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बाया कापूस वेचत होत्या. तांड्यावर पोलिसांनी सांगितलं असेल असं विमानतळवाल्यांना वाटलं होतं, आणि विमानतळवाल्यांनी सांगितलं असेल असं पोलिसांना. बायांनी आधी धमाके ऐकले. मग तोंड बांधलेला, बंदूकवाला माणूस आपल्याच अंगावर येताना पाहिला.

देवीलालची आई बसंतीबाई सगळ्यांत पुढे होती. तिनं बैलगाडीच्या कडेचा उभा दांडका, उभारी, उपसली आणि रहेमानच्या गुडघ्यावर घातली. तो पडला. बांधावरून गडी धावत आले. कुणी दगड घेतला, कुणी लाथ घातली. एकानं बंदूक हिसकावताना त्याच्या हातावर पाय दिला. बोटं मोडल्याचं रहेमानला कळलं. तरी तो बोलला नाही. शिटी वाजली नव्हती. आत्ता वाजेल, आत्ता वाजेल, असं म्हणत त्यानं डोक्यावर एक घाव घेतला, मग दुसरा. मग नियम गेला खड्ड्यात म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण रुमाल रक्तानं भिजून आत ओढला गेला होता. बसंतीबाईच्या चुलीपुढे बसून त्यानं किती वेळा भाकर खाल्ली होती. तिनं पुन्हा उभारी उचलली.

फाटकातून देवीलाल धावत आला आणि रहेमानच्या अंगावर आडवा पडला. ती उभारी त्याच्या पाठीत बसली.

“याडी, थांब,” तो म्हणाला. “रहेमान हाय हा.”

बसंतीबाईच्या हातातून उभारी पडली. ती तिथंच मातीत बसली.

मग पथक पोचलं. साहेब मंडपातून वायरलेसवर बोलत होते. पाहुणे वाट बघत होते, पकडलेला माणूस मंडपासमोर आणायचा होता. देवीलाल सांगत होता की डोकं फुटलं हाय, आधी दवाखान्याची गाडी आना. साहेब लांबून म्हणाले, रंग आहे तो, दोन मिनिटांत उरकू. सरावात जखमींना लाल रंग लावत असत हे खरं होतं. देवीलालला बाजूला ढकललं. रहेमानला काखेत धरून फरफटत धावपट्टीवर नेलं आणि मंडपासमोर पालथं घातलं. एकानं पाठीवर गुडघा ठेवला. टाळ्या वाजल्या. फोटोवाला पुढे आला, तोंड दिसू द्या म्हणाला. कुणीतरी रुमाल खाली ओढला.

मंडपात एक खुर्ची पडली. शाळेच्या बाईंनी हाक मारली, दुसऱ्यांदा मारली. जिया थांबली नाही. दोरीखालून वाकून ती पट्टीवर आली आणि बापाच्या डोक्याशी बसली.

“बेटा, बाजूला हो,” फोटोवाला म्हणाला. “फोटोत येऊन राह्यली तू.”

“येऊ द्या,” जिया म्हणाली. “माहे अब्बा हायेत. काढा दोघांचा.”

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. टाळ्या आधी पुढच्या रांगेत थांबल्या, मग मागच्या. पाठीवरचा गुडघा निघाला. दुपारच्या उन्हानं डांबर तापलं होतं. जियानं गळ्यातली पांढरी ओढणी काढून तिची घडी केली, रहेमानचं डोकं हलकेच उचललं आणि ती त्याच्या गालाखाली सरकवली.