विसावा प्रश्न

निपाह नावाच्या नव्या तापाचं प्रशिक्षण द्यायला पुण्याहून वारूळवाडीच्या दवाखान्यात आलेल्या साहेबांनी नर्सबायांचे पेपर तिथंच तपासले. हसीना सिस्टरचे एकोणीस प्रश्न बिनचूक होते. वटवाघळानं उष्टावलेलं फळ, अंगातली कणकण, डोक्यात शिरणारा ताप, तिनं काही सोडलं नव्हतं. विसावा मात्र कोरा होता: ‘निपाहचा रुग्ण आल्यास सेवा द्याल का?’

“ज्ञान आहे, पण वृत्ती नाही,” साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. “घाबरता का सिस्टर?”

आहुप्याच्या डोंगरापासून वारूळवाडीपर्यंत बावीस वर्षं नोकरी केलेल्या हसीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कोरोनात मी नवऱ्याचा रेनकोट घालून वॉर्ड सांभाळला, साहेब. तवा कुणी माझी वृत्ती तपासायला आलं न्हाई.”

 साहेब दाखवायला आणलेला, लागण टाळायचा पांढरा पोशाख, मास्क, चष्मा आवरून बॅगेत भरू लागले. तालुक्यातालुक्यात तोच एक संच फिरत होता. उद्या मंचरची पाळी.

हसीनानं बॅगेवर हात ठेवला. “ह्यो हितंच राहील.”

“अहो, हा फक्त डेमोचा आहे!”

“आन् मी काय डेमोची हाय का? मंचरच्या सिस्टरला दुसरा घेऊन जा. तिलापण लागंल.”

तिनं तो संच उचलला, वॉर्डातल्या कपाटात ठेवला आणि कुणालाही लगेच घेता यावा म्हणून कपाटाला कुलूप लावलं नाही. परत येऊन आपला पेपर ओढला आणि विसाव्या प्रश्नापुढं ठळक ‘हो’ लिहिलं.

“आता द्या मार्क.”