दुसऱ्या साक्षीदाराची सही

कांचन, मध्ये बोलू नकोस यार, नुसतं ऐक.

मी लायब्ररीत पार्ट-टाइम करते ना, तिथे सध्या एका इराणी फॅमिलीने दिलेली ट्रंकभर कागदपत्रं आलीयेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. फरीबा, म्हणजे माझी बॉस, फारसी वाचून इंग्लिशमध्ये सांगते, मी कार्ड टाइप करते. आणि गंमत बघ, ती वाचताना हक, शर्त, बाग मला आपोआप कळतं! आपल्या तलाठ्याच्या कागदांतलेच शब्द.

तर गुरुवारी सकीने खानुम नावाच्या बाईचे कागद निघाले. लग्नाच्या करारातच नवऱ्याने तिला डाळिंबाची बाग लिहून दिलेली, आठवड्यातून एक दिवस पाटाच्या पाण्यासकट. वीस वर्षांनी दीर म्हणतो, बाग मला दे. हिने दिली, पण शर्त घालून: मी जिवंत आहे तोवर डाळिंबं माझी, पाणी माझं. आणि खाली शिक्का स्वतःचा!

मी म्हटलं, "बाईला वेगळा शिक्का?"

फरीबा म्हणाली, "मग काय दिराचा वापरणार?"

मला इतकं भारी वाटलं! शनिवारी शैलजामावशीला हे सांगायला उड्या मारत श्रूजबरीला तिच्या घरी गेले, तर तिथे नागपूरहून सातासमुद्रापार राजीवमामा आलेला. सोबत मावशीला टसरची साडी आणि साडीच्या घडीत हक्कसोडपत्र!

आजोबांनी नागपूरला स्वतः बांधलेलं घर, मृत्युपत्र नाही. तीन भावंडं, तीन सारखे हिस्से. आईने दिवाळीतच सही करून टाकली, मला सांगितलंसुद्धा नाही! आता राहिली मावशी.

आणि मामा कोण? दर चौदा एप्रिलला स्टेजवरून सांगणारा, की बाबासाहेबांनी बायकांच्या हक्कांसाठी मंत्रिपद सोडलं. टाळ्या घेतो त्यावर!

मी म्हटलं, "मामा, तिथे ते भाषण आणि इथे हे?"

"भाषण समाजासाठी असतं गं. हे घरातलं आहे."

"मग मावशी समाजात येत नाही?"

मावशीचे मिस्टर, अरुणकाका, उगाच खोकले. मावशी म्हणाली, "पुरे गं उपासना. हिस्सा घेतला तर माहेरी मला चहा तरी कोण विचारेल?"

"बरं, नको घेऊ. पण शर्त घाल. तू आहेस तोवर तिथली एक खोली तुझी." आणि मी धडाधडा सकीनेची सगळी गोष्ट सांगितली.

मावशीने मान वर केली. "अशी शर्त घालता येते?"

मामा लगेच, "वकिलाने टाइप केलंय शैला, आता मध्ये काही घालता येत नाही."

खोटं! साफ खोटं! पण मावशीने पेन उचललं. 'शै' लिहिलं आणि पेन थांबलं. मी मोजत नव्हते, पण खूप वेळ थांबलं गं. मामाने साडी जरा तिच्याकडे सरकवली. मग तिने पुढचं लिहून टाकलं.

"एक साक्षीदार अरुणराव," मामा खूश होऊन म्हणाला, "दुसरी तू. शिकलेली भाची, सही शोभेल!"

माझं डोकंच सटकलं. "वाचल्याशिवाय मी सही करत नाही," म्हटलं आणि कागद उचलून सरळ गाडीत. मामा दारातून ओरडतोय, "अगं, पळवून काय नेतेस!" मावशी मागून धावत आली. मला वाटलं, कागद मागणार. तिने सीटवर पाटवड्यांचा डबा ठेवला आणि हळूच म्हणाली, "नीट वाच. घाई करू नकोस."

म्हणजे काय समजायचं मी?

वाचलं मी, चार वेळा. साक्षीदाराने लिहून द्यायचंय, की शैलजाबाईंनी राजीखुशीने सही केली ती मी पाहिली. मी तर थांबलेलं पेन पाहिलं ना! पण सही तिचीच आहे, तिच्या हाताने केलेली. ती अडवणारी मी कोण, असंही येतं मनात.

मामाची फ्लाइट उद्या चारला. आन्सरिंग मशीनवर त्याचे तीन मेसेज आहेत, मावशीचा एकही नाही. कागद इथे माझ्या मांडीवर आहे.

सांग ना कांचन, तू काय केलं असतंस?