कठड्याच्या आतलं पाणी

छगन पाटलांनी उभा जन्म सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवण्यात घालवला. कलरमास्तर म्हणून निवृत्त झाले, कामरेजला बंगला बांधला, आता तरी हा माणूस स्वस्थ बसेल अशी त्यांच्या बायकोची, पुष्पाबाईंची, समजूत होती. पण स्वस्थपणा मास्तरांच्या खात्यावर कधी जमाच झाला नव्हता. आल्या आल्या त्यांनी गेटला दोनदा रंग दिला. दुसऱ्यांदा का, तर पहिल्यांदाची छटा किंचित पिवळट लागली. मग करायला काही उरलं नाही म्हणून ते सुनेला भाजी चिरायला शिकवू लागले. घराचं नशीब बरं, की तेवढ्यात पुष्पाबाईंच्या गुडघ्यांनी त्यांना काम दिलं.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन टाळायचं असेल तर रोज छातीभर पाण्यात चाला."

ऑपरेशनचं भय पुष्पाबाईंना नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे श्रावण होता. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई देवी बसते, आणि दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन नाचत तापीवर पोचवायचं असतं. पाटलांकडे तो मान पुष्पाबाईंचा. गेली दोन वर्षं मात्र कानबाई हर्षदाच्या, म्हणजे सुनेच्या, डोक्यावर होती आणि सासूबाई मिरवणुकीच्या मागून रिक्षात. रिक्षावाल्यानं हौसेनं गरब्याची कॅसेट लावली होती, ते दुःख वेगळंच.

"औंदा कानबाई डोक्यावर मीच नेसू," त्यांनी जाहीर केलं. "पण लोकांच्या तलावात, ओल्या कपड्यांत, चार परक्या बायांपुढे मी जाणार नाही. घरीच काय ते करा."

मास्तर एकदम दहा वर्षांनी लहान झाले. कामरेजची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. खड्डा खणून तलाव बांधला तर वर्षभरात तडकणार. म्हणून जमिनीवरच उभा राहणारा पक्का तलाव, पोलादी भिंतींचा, आणि भिंतीच्या वरच्या काठाला लागून चारी बाजूंनी लाकडी डेक, असं ठरलं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पाणी भरायचं. मास्तर जेवताना नकाशा काढत, टीव्हीपुढे खोडत आणि सकाळी चहाबरोबर नव्यानं काढत. हजीऱ्याच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला त्यांचा मुलगा योगेंद्र म्हणाला, "नाना, मी कॉम्प्युटरवर काढून देऊ?" त्यावर त्यांनी पेन्सिलीला नवं टोक काढलं. ज्यानं आयुष्यभर हौद सांभाळले त्याला पाण्याबद्दल शिकवायचं म्हणजे काय.

लोखंडी काम करणारा फॅब्रिकेटर रविवारी संध्याकाळी माप घ्यायला येणार होता. तलाव कसा होणार ते त्याच्या आधी सगळ्यांना कळावं म्हणून हर्षदानं तोड काढली. घरात दोष निघालेल्या साड्यांचं बोचकं होतंच. सुरतेत कोणाकडे नसतं? अंगणात बांबू रोवून त्यांना साड्या ताणल्या, तो झाला तलाव. त्याभोवती फक्कीनं चुन्याची रेघ ओढली, तो डेक. मोरपंखी, राणी, आंबा, अशा भिंतींचा तलाव उभा राहिला. शेवटचं काम मास्तरांनी कोणाला करू दिलं नाही. डेक आणि पाणी यांच्यामध्ये त्यांनी स्वतः काथ्याची दोरी बांधली, सगळीकडून, घट्ट गाठी मारून.

"हा कठडा," ते म्हणाले. "या आता. बघा."

पुष्पाबाई काठी टेकत आल्या. फक्कीच्या रेघेपाशी मास्तर अदबीनं म्हणाले, "इथून सात पायऱ्या, डेकवर चढायला. रुंद ठेवल्यात." पुष्पाबाई सात पायऱ्या असल्यासारख्या सावकाश चढल्या आणि डेकवरून चालू लागल्या. दोरीच्या कडेनं एक बाजू झाली. कोपरा वळला. दुसरी बाजू झाली. मागून मास्तर, त्यांच्या मागून योगेंद्र, मग हर्षदा. मास्तर दाखवत होते: इथे फिल्टर, इथे पाणी सोडायचा कॉक, इथे खुर्ची. अख्खी फेरी झाली आणि पुष्पाबाई पुन्हा जिथून निघाल्या तिथे येऊन थांबल्या.

शेजारच्या रंजनाबेन कुंपणाच्या भिंतीवरून कधीच्या बघत होत्या. "वहिनी, प्रदक्षिणा घालताय? नारळ आणू?"

पुष्पाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "ओ योगेंद्रना बाबा," त्या म्हणाल्या, "डेक भारी से. खुर्ची भारी से. पन मी पाणीमा उतरू कथाईन?"

मास्तरांनी नकाशा उघडला. नकाशा फिरवला. योगेंद्रनंही मान वाकडी करून पाहिलं. वर चढायला पायऱ्या होत्या, फिरायला वाट होती, आणि पाण्याच्या बाजूनं कमरेइतका कठडा होता. सलग. आत उतरायला जागा म्हणून कुठे नव्हती.

हिशेब सरळ आहे. प्रोसेस हाउसमध्ये हौदाभोवती माचा असतो, त्यावर माणसं उभी राहतात, वाकून रंग बघतात. आत जातं ते कापड. माणूस आत जाता कामा नये, म्हणून कठडा. मास्तरांनी जन्मभर जे पाहिलं तेच बायकोसाठी बांधलं होतं, आणि काय सुबक बांधलं होतं.

"तुमच्या मिलमध्ये कापड बुडवायला हूक असायचा ना?" पुष्पाबाई म्हणाल्या. "मग मलाबी हुकाला लावा. वरून सोडा, रंग चढला की काढा."

हर्षदा मोरपंखी साडीआड जाऊन हसून आली.

"सेफ्टी म्हणून ठेवला," मास्तर म्हणाले.

"आत सेफ्टी, आणि बाहेरून मोकळं? डेकवरून अंगणात पडले तर चालेल?"

"बाहेर पडलीस तर उचलता येईल."

हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि ते नकाशाची घडी घालू लागले. योगेंद्रला वाटलं, नाना चिडले. पुष्पाबाईंना तसं वाटलं नाही. दरवर्षी विसर्जनाला सगळे तापीत कमरेपर्यंत उतरत, तेव्हा हा माणूस घाटाच्या वरच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभा असे. लोक म्हणत, मास्तर सेवाभावी. चपला कशासाठी सांभाळल्या जातात ते एका बाईला लग्नापासून ठाऊक होतं, आणि तिनं ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही.

"कठडा बाहेरच्या बाजूला घ्या," त्या म्हणाल्या, आता जरा हळू. "उंच घ्या, म्हणजे रंजनाला माझा पोहण्याचा पोशाख दिसणार नाही. आतल्या बाजूला पायऱ्या द्या, दोन्हीकडे धरायला नळी. आणि पायऱ्यांवर पहिल्यांदा तुम्ही उतरायचं. मी तुमचा हात धरून उतरसू. तुम्ही नाही तर मीबी नाही. रिक्षात बसेन."

"मला कशाला? गुडघे तुझे दुखतात."

"मंग रिक्षा सांगून ठेवा."

बाहेर मोटरसायकल थांबली. फॅब्रिकेटर टेप घेऊन आत आला, रंगीत तलावाकडे बघून क्षणभर घुटमळला आणि त्यानं कामाचं विचारलं, "काका, रेलिंग अंदर, के बाहर?"

सगळे मास्तरांकडे बघू लागले. रंजनाबेनसुद्धा. मास्तर दोरीकडे बघत होते. मग ते खाली बसले आणि स्वतः मारलेल्या गाठी सोडू लागले. घट्ट मारल्या होत्या, वेळ लागला, पण योगेंद्र मदतीला वाकला तेव्हा त्यांनी त्याला हातानंच दूर केलं. सुटलेली दोरी खांद्यावर टाकून ते फक्कीच्या बाहेरच्या रेघेपर्यंत गेले आणि तिथे टाकून आले.

"बाहर," ते फॅब्रिकेटरला म्हणाले. "अने पगथियां अंदर. पहोळां राखजो." पायऱ्या आत, आणि रुंद.

मग त्यांनी आंबा रंगाची साडी एका बांबूवरून सोडून बाजूला सारली. वाकले, चपला काढल्या, आणि कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत उतरण्याआधी दोन्ही पायांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. ती दुमडताना कोणी हसलं नाही, हे त्या घराच्या जमेला लिहून ठेवावं. एक पाऊल. दुसरं. वळून त्यांनी हात पुढे केला.

पुष्पाबाईंनी काठी हर्षदाकडे दिली आणि तो हात धरला.

"मास्तर," भिंतीवरून रंजनाबेननी विचारलं, "पाणी कसं आहे?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "गार आहे," ते म्हणाले.

"पुढे चला," पुष्पाबाई म्हणाल्या. "चपला रंजना सांभाळील."