पिंपळाचं वळण

"हर्षद, काय लागलं?"

"काही नाही गं. कोरडी माती. गॅसचा मीटरसुद्धा गप्प. तुझा आकडा चुकला की काय?"

गार्गीने फोन स्पीकरवर टाकला. घाटकोपरच्या कंट्रोल रूममध्ये बसून मुलुंडच्या रस्त्यात हर्षदच्या टोळीने कुठे खणायचं ते तिनेच सांगितलं होतं. गॅसच्या पाइपला भोक पडलं की आतला दाब तिथे एकदम घसरतो आणि त्या घसरणीची लाट पाइपमधून दोन्हीकडे पळत सुटते. दोन टोकांना ती किती आगेमागे पोहोचली, यावरून गार्गीचं संगणकातलं मॉडेल भोकाची जागा सांगायचं. आजवर त्याने तिला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. व्हॉल्व्ह बंद झाले होते, पण पाइपात उरलेला गॅस जमिनीखाली कुठेतरी पसरत होता आणि एक ठिणगी पुरे होती.

"खणू की थांबू? लवकर बोल ना!"

"थांब रे जरा!"

तिने आलेख पुन्हा उघडला. पहिली लाट मॉडेलबरहुकूम होती. पण एका टोकाला आपटून परतलेली लाट उशिरा आली होती. मघाशी तो उशीर तिने किरकोळ म्हणून सोडून दिला होता. लाट काही वाटेत चहा प्यायला थांबत नाही. उशीर झाला म्हणजे वाटच लांब होती.

आणि ती कुठे लांब होती, हे गार्गीइतकं कुणाला ठाऊक असणार! पाइप टाकताना विहारासमोरचा पिंपळ तोडायचा घाट घातला गेला, तेव्हा तिचे वडील, राजाराम, अख्ख्या वस्तीला घेऊन झाडाखाली बसले होते. शेवटी पाइपच झाडाला वळसा घालून गेला. गणित आटोपशीर व्हावं म्हणून मॉडेलमध्ये छोटी वळणं सरळ करायची पद्धत होती. त्यात हेही वळण तिने स्वतःच्या हाताने सरळ केलं होतं.

तिने वळण भराभर परत घातलं. भोक सरकलं ते थेट विहाराच्या भिंतीलगत. आज बुद्धपौर्णिमा. मांडवाचे खांब तिथेच ठोकले असणार. संध्याकाळच्या वंदनेची वेळ झाली होती आणि पहिली मेणबत्ती दरवर्षी बाबाच लावत.

वडिलांना फोन लावायला तिचा हात पुढे गेला आणि थिजला. गॅस पसरलाय तिथे फोन वाजू द्यायचा नाही, हे वस्त्यावस्त्यांत जाऊन तीच सांगायची.

"हर्षद, पळ! पिंपळामागे, विहारात जा! वळण पुसलं गेलं होतं रे! मेणबत्ती लावू देऊ नको, सगळ्यांना बाहेर काढ. फोन खड्ड्यापाशीच ठेव!"

"अगं पण—"

"माझे बाबा आहेत तिथे!"

धावणारे बूट ऐकू आले, मग काहीच नाही. स्फोट आधी फोनवर ऐकू येईल की स्क्रीनवर दिसेल, असलं भलतंच गणित तिचं डोकं करत राहिलं. तिला स्वतःचीच किळस आली.

शेवटी फोन कुणीतरी उचलला. धाप हर्षदची नव्हती.

"आम्ही सगळे खड्ड्यापाशी आलोय," राजाराम म्हणाले. "काडी हातातच होती माझ्या."

गार्गीला रडू कोसळलं.

"रडू नको गं. सगळे धड आहेत. हा पोरगा सांगतोय, तुमच्याकडे कुणीतरी पिंपळाचं वळणच पुसलं होतं. कोण गं तो गाढव?"

गार्गीने डोळे पुसले.

"मी, बाबा."